पाण्यातल्या झाडांना ‘औषध’ घालून फुलं येतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडच्या आमच्या गच्चीवर सात टब आहेत. दोन लिलीचे, एक कमळाचा, बाकीच्यांत जे तगेल ते. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे सोसायटीतल्या काकूंपासून मत्स्यटाकीवाल्या पोरांपर्यंत सगळे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारतात: “मॅडम, काय घालू म्हणजे फूल येईल?” तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलं.

एखादं रसायन घातलं की पाण्यातलं झाड फुलतं, हे खरं आहे का?

काही झाडांच्या बाबतीत अगदी खरं आहे. प्रयोगशाळेत ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय, आणि तेही पाण्यावर तरंगणाऱ्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या वनस्पतीवर. पण फूल त्या बाटलीत नसतं. फुलायची तयारी झाडातच असते, कशाने तरी ती अडलेली असते. रसायन बहुतेक वेळा ती अडवणूक दूर करतं, नाहीतर झाडाला ‘दिवस वाईट आलेत, बियांचं बघ’ असा खोटा निरोप देतं. तयारीच नसेल तर निरोप कितीही पाठवा. तुमचा टब सावलीत असेल तर पुढचं सगळं वाचायच्या आधी तो उन्हात सरकवा.

ती क्षुल्लक वनस्पती कोणती?

डकवीड. पाषाण तलावाच्या कडेला, शेततळ्यात, कधी गाईंच्या हौदातही पाण्यावर जी हिरवी टिकल्यांची चादर दिसते, ती. लोक तिला शेवाळ म्हणतात, पण ती शेवाळ नाही. ती फुलझाड आहे आणि तिचं कूळ ऐकून माझ्या वर्गात दरवर्षी हशा पिकतो: अळू आणि सुरणाचं. अळूवडीच्या पानाची ही चुलत बहीण चार मिलिमीटरवर थांबली, एवढंच.

पण तिला फूल येताना कधी पाहिलं नाही.

दिसणार नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात दहा-बारा टिकल्या सोडल्या होत्या आणि डोळ्याला सोनाराचं भिंग लावलं होतं. टिकलीच्या कडेला एक बारीक फट असते. त्या फटीतून दोन पुंकेसर वर आलेले होते, टोकाला पिवळसर परागकोश, आणि त्यांच्या शेजारी स्त्रीकेसराचं बुटकं तोंड, त्यावर चकाकणारा एक थेंब. पाकळी एकही नाही. लेकीला बोलावलं तर म्हणाली, “आई, हे फूल आहे की कचरा अडकलाय?”

हिची भावंडं वुल्फिया वंशातली. ती तर रव्याच्या कणाएवढी, मुळंसुद्धा नसलेली. जगातली सर्वांत लहान फुलझाडं तीच, आणि त्यांचं फूल म्हणजे एक पुंकेसर, एक स्त्रीकेसर, संपलं.

ही झाडं फुलायचा आळस करतात त्याला कारण आहे. एका टिकलीला बाजूने दुसरी फुटते, दुसरीला तिसरी. वुल्फिया मायक्रोस्कोपिका ही आपल्याकडची जात अनुकूल परिस्थितीत साधारण ३० तासांत दुप्पट होते. इतकं सोपं असताना फुलं, पराग, बिया या भानगडीत पडायचं कशाला? म्हणून फूल हा त्यांचा अडचणीच्या वेळचा मार्ग. आणि म्हणूनच संशोधकांना ती आवडली: भांडं लहान, पिढी झटपट, औषध थेट पाण्यात घालायचं, फवारणीची कटकट नाही.

ॲस्पिरिनने फुलं येतात असं ऐकलं. थाप आहे का?

थाप नाही, पण गोष्ट अर्धवट सांगितली जाते. पूर्ण सांगते.

झँथियम नावाचं तण तुम्ही पाहिलंय. काटेरी बोंडं, रानातून आल्यावर पॅंटला चिकटतात. काही भागांत त्याला शंकेश्वर म्हणतात. रात्र पुरेशी मोठी झाली की ते फुलतं, म्हणून फुलण्याचा अभ्यास करणाऱ्यांचं ते लाडकं. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स क्लीलंड यांच्या मनात आलं की फुलायचा निरोप पानातून शेंड्याकडे रसवाहिन्यांतून जात असणार, तर तो रस मिळवावा कसा? त्यांनी मावा सोडला. मावा नळीत तोंड खुपसतो आणि मागून गोड चिकटा टाकतो, तो गोळा केला. त्यातली द्रव्यं वेगळी करून ती लेम्ना गिब्बा या डकवीडवर तपासली. ही जात मोठ्या दिवसांत फुलणारी, पण चिकट्यातलं एक द्रव्य मिळताच ती लहान दिवसांतही फुलली. १९७४ मध्ये क्लीलंड आणि अजामी यांनी ते द्रव्य ओळखलं: सॅलिसिलिक आम्ल. ॲस्पिरिन त्याचंच भावंड, पाण्यात हळूहळू मोडून सॅलिसिलिक आम्लच होतं, आणि तेही चालतं.

पुढचा भाग कुणी सांगत नाही. ज्या झँथियममधून हे आम्ल मिळालं, त्याला ते देऊन फूल येत नाही. शिवाय फुललेल्या आणि न फुललेल्या झँथियमवरच्या माव्याच्या चिकट्यात त्याचं प्रमाण सारखंच निघालं. म्हणजे शोधायला गेले होते निरोप्या, आणि हाती लागला भलत्याच घरची कडी काढणारा.

मग खरा निरोप्या कोण?

मिखाइल चैलाख्यान या सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात त्याला ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिलं, पण तो हाती लागायला २००७ उजाडलं. तो निघाला एफटी नावाचा प्रथिनाचा रेणू, पानात बनून शेंड्याकडे जाणारा. तो बाटलीत मिळत नाही.

माझ्या टाकीत ॲस्पिरिनची गोळी टाकू का?

आधी हिशेब पाहा. प्रयोगांत सॅलिसिलिक आम्ल काही मायक्रोमोलर एवढंच लागलं (मायक्रोमोलर हे लिटरभर पाण्यात किती रेणू आहेत याचं एक फार लहान माप). ७५ मिलिग्रॅमची, हृदयरोग्यांना देतात ती गोळी ४० लिटर पाण्यात टाकली, तर साधारण १० मायक्रोमोलर होतात. म्हणजे बादलीत दोन गोळ्या टाकणारे लोक कितीतरी पट जास्त घालत असतात, आणि जास्त झालं की झाडाची वाढच खुंटते.

दुसरं असं की प्रयोगशाळेतलं पाणी निर्जंतुक असतं. तुमच्या टाकीतले जंतू सॅलिसिलिक आम्ल चवीने खातात, दोन-तीन दिवसांत फारसं उरत नाही. आणि ते तर झाडाला सतत मिळावं लागतं. तिसरं, लिली, कमळ किंवा अमेझॉन स्वोर्ड, अनुबियस ही मत्स्यटाकीतली झाडं, यांना त्याने फूल येईल असं मानायला काही आधार नाही. मासे असतील तर विषयच संपला. नका टाकू.

भारतात यावर काही काम झालंय का?

झालंय, आणि अभिमान वाटावा असं. दिल्ली विद्यापीठात सतीशचंद्र माहेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुल्फिया मायक्रोस्कोपिका वाढवली. ती लहान दिवसांत फुलणारी. १९६६ मध्ये माहेश्वरी आणि सेठ यांनी दाखवलं की पोषणद्रावात ईडीडीएचए या चिलेटरशी बांधलेलं लोह घातलं की तिला फुलं येतात. पुढे याच गटातून सॅलिसिलिक आम्लाने डकवीडच्या इतर जाती फुलवल्याचंही काम आलं.

चिलेटर म्हणजे धातूला धरून ठेवणारा चिमटा. कृषी सेवा केंद्रात ‘चिलेटेड फेरस’ म्हणून जी पुडी मिळते त्यात ईडीटीए असतं. ईडीडीएचए असलेली पुडी महाग, रंगाने काळपट लाल, आणि चुनखडीच्या जमिनीतही लोह धरून ठेवणारी.

धातूंचा फुलाशी संबंध काय, हे कोडं अमेरिकेत विल्यम हिलमन यांनाही पडलं होतं. लहान दिवसांत फुलणाऱ्या एका डकवीडला त्यांनी अगदी थोडं तांबं दिलं, तर तिचं दिवसरात्रीचं भानच हरपलं आणि ती मोठ्या दिवसांतही फुलू लागली. हे १९६२ चं काम. एवढ्यावरून टाकीत मोरचूद टाकायला जाऊ नका. कोळंबी आणि गोगलगायी तांब्याने पहिल्या मरतात.

झाडाला उपाशी ठेवलं की फुलतं म्हणतात, ते काय?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर आपल्या बागायतदारांना आधीपासून माहीत आहे. मोसंबी, डाळिंबाचा बहार धरायचा तर काय करतात? पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पानं सुकतात, गळतात, मग ताण सोडला की झाड फुलांनी लगडतं. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, सगळ्यांत हेच.

पाण्यात तरंगणाऱ्या झाडाचं पाणी तोडणार कसं? तिथे ताण येतो तो दुसऱ्या वाटांनी. नत्र कमी पडलं की काही डकवीड फुलतात. उलट अमोनियाच्या रूपात नत्र भरपूर असेल तर फुलणं दबतं. म्हणून सांडपाण्याच्या नाल्यात डकवीड पोसतं जबरदस्त, पण फुलताना सहसा दिसत नाही.

जपानी संशोधकांनी याच्या पुढे मजल मारली. डकवीड कोरडी पाडली, तापवली किंवा खारट-गोड तीव्र द्रावात ठेवली की तिच्यातून एक द्रव्य बाहेर पडतं, त्याला ते ‘कोडा’ म्हणतात. ते बनतं लिनोलेनिक या मेदाम्लापासून, म्हणजे जवसाच्या तेलात असतं त्यापासून. हे कोडा एकटं फारसं काही करत नाही, पण नॉरएपिनेफ्रिनबरोबर मिसळलं की तयार होणारं संयुग डकवीडला फुलवतं. २००० साली हे प्रसिद्ध झालं. नॉरएपिनेफ्रिन म्हणजे आपण घाबरलो की आपल्या रक्तात वाढतं ते! घाबरलेल्या झाडाची गोष्ट सांगायला मी हे उदाहरण वर्गात वापरते, आणि लगेच सांगते की झाडाला भीतीबिती काही वाटत नाही.

‘जीए’ फवारलं तर?

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना हे शब्द झोपेतही येतात, मण्यांची लांबी त्यानेच वाढवतात. जपानमध्ये भाताची रोपं बुरशीने उंचच उंच होऊन कोलमडायची, त्या रोगातून १९२६ मध्ये याचा माग लागला.

अळूच्या कुळातली शोभेची झाडं जीएला छान प्रतिसाद देतात. नर्सरीत पीस लिलीला भलत्या वेळी फुलं दिसतात त्यामागे अनेकदा जीएची एक फवारणी असते. टाकीतली क्रिप्टोकोरीन आणि अनुबियस याच कुळातली, त्यामुळे हौशी लोकांचा डोळा जीएवर असतो.

गंमत अशी की कोकणातले आंबेवाले याच्या अगदी उलट वागतात. हापूसला ते कल्टार घालतात, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, आणि ते झाडात जिबरेलिन (जीए ज्या गटातलं, ती वाढीची द्रव्यं) बनणंच थांबवतं. जिबरेलिन कमी झालं की आंबा मोहोरतो. वाढलं की पीस लिली फुलते. त्यामुळे ‘फुलांचं औषध’ असं मोघम लेबल पाहिलं की मला पहिला प्रश्न पडतो, कोणत्या झाडाच्या फुलांचं?

माझी फजिती सांगते. द्राक्षाच्या बागेतून ओळखीने जीएची चिमूटभर पूड मिळाली. ती पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते, हे केलं. वजन मात्र डोळ्यांनीच केलं. पाण्याबाहेर कुंडीत वाढवलेल्या अनुबियसवर फवारलं. तीन आठवड्यांत देठ शेवग्याच्या शेंगेसारखे लांब, पानं फिकट आणि अरुंद. फूल आलं एक, पण त्याचं पांढरं आवरण पिळलेलं, कणसावरचं अर्धवट सोललेलं साल असतं तसं. झाड सरळ व्हायला वर्ष लागलं. पुढे चांगला तराजू घेतला, आणि जीए ठेवून दिलं कपाटात.

टाकीतलं झाड पाण्याखाली फुलतच नाही, का?

बरीचशी झाडं मुळात अर्धी पाण्यात, अर्धी हवेत वाढणारी. फूल हवेत काढायची सवय, कारण परागीकरणाला किडे लागतात. पाण्याखाली त्यांची पानंही वेगळी असतात. हा बदल झाडाच्या आतल्या रसायनांनीच होतो: जिबरेलिन पाण्याखालच्या पद्धतीची पानं घडवतं, ॲब्सिसिक आम्ल हवेतल्या पद्धतीची. इथिलीन वायू तर पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे बुडलेल्या झाडात तो साचतो आणि देठांना वर जायची घाई होते.

तेव्हा औषधाआधी पाण्याची पातळी उतरवा. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतली क्रिप्टोकोरीन पावसाळाभर पाण्याखाली पानं वाढवते आणि पाणी ओसरलं की फुलते. तेच तिचं वेळापत्रक.

लिलीला नुसती पानंच येताहेत. काय घालू?

निम्म्या लोकांचा हाच प्रश्न असतो. थेट काही घालू नका, आधी बघा: दिवसाला पाच-सहा तास ऊन आहे का? कंद कुंडीत कोंबल्यासारखा झालाय का? शेणखत ताजं घातलं होतं का? नत्र जास्त झालं की पानं माजतात.

माती पोयट्याची, वरती वाळूचा थर. खत हवंच असेल तर एकोणीस-एकोणीस-एकोणीसची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) छोटी पुरचुंडी मातीत खोल मुळाशी खुपसा, पाण्यात नका विरघळवू. शून्य-बावन्न-चौतीस, म्हणजे नत्र नसलेलं स्फुरद-पालाशचं खत, पाण्यात ओतून फुलं येतील म्हणून एका शेजाऱ्यांनी ते ओतलं. आठ दिवसांत टबचं पाणी मटाराच्या सूपसारखं झालं, मासे तोंड वर काढून श्वास घ्यायला लागले. स्फुरद लिलीला मिळायच्या आधी शेवाळाने संपवलं.

कमळाचं वेगळं आहे. दिवस लहान व्हायला लागले की ते खाली कंद भरायला घेतं. दिवाळीनंतर कमळाला फूल मागू नये.

पुण्यात दिवसाची लांबी फार बदलते का?

फार नाही. जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमध्ये सर्वांत लहान सुमारे अकरा. पण झाडांना तेवढा फरक पुरतो, कारण ती मोजतात ती सलग रात्र. मध्येच दिवा लागला की लहान दिवसांत फुलणाऱ्या झाडाचा हिशेब बिघडतो. आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात सोसायटीचा एलईडी रात्रभर जळतो, तिथल्या डकवीडमध्ये मला कधी फूल सापडलं नाही. टब जिन्याच्या मागे नेला, त्याच डिसेंबरात सापडलं. हा काही प्रयोग झाला नाही, पण मला पटण्यापुरता झाला.

नदीतल्या जलपर्णीची जांभळी फुलं सुंदर असतात, घरी आणून फुलवू का?

नको. ती औषधाशिवायच फुलते, आणि तिची बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहते. मुळा-मुठेत ती काढायला किती यंत्रं लागतात ते पाहताच आपण.

कासहून वायतुऱ्याचा कंद मिळाला तर?

मिळू नये. वायतुरा म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, सह्याद्रीच्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांतला. कंद उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहतो, पहिल्या पावसांनी उठतो आणि गुलाबी जोडतुरे काढतो. ती कोरड, तो पाऊस, ते सड्यावरचं उथळ पाणी कोथरूडच्या टबात कुठून आणणार? कास जागतिक वारशात आहे, तिथून एक काडीही उचलू नये.

शाळेच्या प्रकल्पासाठी काही करता येईल का?

येईल, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत. हिवाळ्यात करा.

काचेच्या चार बरण्या घ्या, प्रत्येकीत एकाच तळ्याचं गाळून घेतलेलं एक-एक लिटर पाणी आणि वीस-वीस टिकल्या डकवीड. ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची एक गोळी मोठ्या माणसाच्या हातून कुटून एक लिटर पाण्यात विरघळवा. हे झालं मूळ द्रावण. दोन बरण्यांमध्ये त्यातलं २५ मिलिलिटर घाला, म्हणजे प्रत्येकीत साधारण १० मायक्रोमोलर होतील. उरलेल्या दोन बरण्यांत तेवढंच साधं पाणी. औषधाची एक आणि साधी एक अशी जोडी संध्याकाळी सहा ते सकाळी आठ खोक्याखाली झाका. दुसरी जोडी दिव्याखाली, दिवस सोळा तासांचा करून. एक दिवसाआड सगळ्या बरण्यांचं पाणी बदला आणि औषध पुन्हा घाला, जंतूंची आठवण आहे ना.

दहा-बारा दिवसांनी प्रत्येक बरणीतल्या पन्नास टिकल्या पांढऱ्या बशीत भिंगाखाली तपासा, फुललेल्या किती ते मोजा. बरण्यांवर नावं न घालता आकडे घाला, आणि मोजणाऱ्याला कोणत्या आकड्यात काय आहे ते सांगू नका. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने औषधाच्या बरणीत ‘भरपूर फुलं’ मोजली होती. नीट पाहिलं तर निम्मी होती टिकलीच्या कडेला नुकती फुटणारी पिल्लं.